गिझरजवळचा तोच सांधा दर हिवाळ्यात का गळतो?

तक्रार साधारण अशी असते. बाथरूमच्या भिंतीतून जीआय पाइप (जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप) बाहेर येतो, त्याला बोटभर लांबीचा जीआय निपल, म्हणजे दोन्ही टोकांना आटे पाडलेला नळीचा तुकडा, निपलाला पितळेचा अँगल कॉक आणि तिथून लवचीक नळी गिझरला. निपल आणि कॉक यांच्या सांध्यातून पाणी पाझरायला लागतं, तेही बहुतेक वेळा गरम पाण्याच्या बाजूने. प्लंबर येऊन निपल बदलतो, नवी टेप गुंडाळतो, पाना लावून घट्ट करतो. कामात काही खोट नसते. तरी पुढच्या थंडीत गिझर सुरू केला की परत तिथेच ओल आणि टाइल्सवर परत तोच तांबूस ओघळ.

इंदूरच्या राजेंद्र नगर, सुदामा नगर, लोकमान्य नगर अशा वस्त्यांतल्या जुन्या घरांत हे फार पाहायला मिळतं, कारण ती बांधली गेली तेव्हा भिंतीत सर्रास जीआय पाइप टाकत. माझं आयुष्य धातुकामात गेलं, त्यामुळे गळका निपल वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्याकडे आणणारे नातेवाईक आणि शेजारी बरेच आहेत. त्या सगळ्यांना मी एकच गोष्ट सांगतो. टेप बदलून, सफेदा-सूत लावून किंवा पाना आणखी आवळून हे थांबणार नाही. तिथे एकमेकांना चिकटून जे दोन धातू बसवलेत, त्यांचं पाण्यात पटत नाही. ती जोडी तशीच राहिली, तर कितीही चांगला कारागीर आणा, सांधा गळणारच.

आधी किरकोळ कारणं बाद करा

पाणी नेमकं कुठून येतंय ते ठरवल्याशिवाय काहीही उघडू नका. सगळे सांधे फडक्याने कोरडे करा आणि प्रत्येकावर टिश्यू पेपरची एकेक पट्टी गुंडाळा. जी पट्टी आधी भिजेल तो सांधा दोषी. लवचीक नळीच्या नटाजवळची पट्टी भिजली, तर आतला रबरी वायसर गरम पाण्याने कडक झालेला असतो. तो बदलला की काम संपलं, पुढचं काही वाचायची गरज नाही. कॉकच्या दांड्यातून गळत असेल तर कॉकच बदलावा लागतो. टेप उलटी गुंडाळली गेली असेल, म्हणजे आट्यांच्या फिरण्याच्या विरुद्ध, तर कॉक बसवताना ती उलगडून गोळा होते. पण असा सांधा पहिल्याच दिवशी गळतो, वर्षभराने नाही.

पट्टी निपलाच्या आट्यांवर भिजली, आणि तिथेच यापूर्वीही काम झालं असेल, तर पुढे वाचा.

जुना निपल फेकू नका, कापून बघा

प्लंबर काढलेला निपल कचऱ्यात टाकतो. तो मागून घ्या आणि हॅकसॉने उभा चिरा, किंवा कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून चिरून आणा. उन्हात नेऊन दोन्ही अर्ध्या फाका बघा. मधल्या भागात करडा रंग अजून शिल्लक दिसतो, वर क्षारांचा पातळ थर असतो. कॉककडच्या टोकाला मात्र चित्र वेगळंच. शेवटचे चार-पाच आटे जवळजवळ नाहीसे झालेले, त्यांच्यावर तपकिरी-काळ्या गाठी. स्क्रू ड्रायव्हरने गाठ खरवडली की ती ढलपी होऊन पडते आणि खाली खड्डा दिसतो, कधी आरपार. आता कॉकचे पितळी आटे बघा. तेच पाणी, तेवढीच वर्षं, तरी ते धारदार असतात.

लोखंड गंजतंच, त्यात नवीन काय, असं वाटेल. पण नुसत्या पाण्याने गंजलं असतं तर निपल सगळीकडे साधारण सारखा गंजला असता. तो फक्त पितळेला लागून असलेल्या टोकाला खाल्ला गेलाय. निदान तिथेच होतं.

रंगांवरूनही पुष्कळ कळतं. तांबूस-तपकिरी ओघळ लोखंडाचा. हिरवा किंवा निळसर डाग तांब्याचा किंवा पितळेचा. टणक पांढरा थर बोरिंगच्या पाण्यातल्या क्षारांचा. पितळेवर पांढरी भुसभुशीत पूड ठिपक्याठिपक्याने फुलली असेल तर ती वेगळी. पितळेतलं जस्त विरघळून बाहेर पडतंय असा तिचा अर्थ. तिथे ब्लेडने जरा खरवडा. पिवळ्याऐवजी लालसर, ठिसूळ तांबं दिसलं तर तो कॉक आयुष्य संपवून बसलाय. जस्ताचं प्रमाण १५ टक्क्यांच्या वर गेलं की पितळेला हा रोग जडू शकतो, आणि नळांच्या पितळेत जस्त ३५ ते ४० टक्के असतं.

दोष लोखंडाचा नाही, शेजाराचा

दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले असले आणि दोघांवरून क्षारयुक्त पाणी वाहत असलं, की त्यांच्यात वीज खेळते. टॉर्चच्या साध्या सेलमध्ये जस्ताचं कवच जसं हळूहळू खर्ची पडतं, तसाच इथे दोघांतला दुबळा धातू झिजतो. दुबळा कोण हे आधीच ठरलेलं आहे. प्रमाणित विभव, म्हणजे धातू किती सहज विरघळतो ते दाखवणारे व्होल्टचे आकडे, पाहिले तर जस्त उणे ०.७६ व्होल्ट, लोखंड उणे ०.४४, तांबं अधिक ०.३४. जो जास्त उणे तो आधी जातो. पितळ मुख्यतः तांब्याचं, म्हणून तांब्याच्याच बाजूला बसतं. लोखंड आणि पितळ शेजारी आले की लोखंड विरघळणार आणि पितळ सुरक्षित राहणार.

जीआय पाइपमागची कल्पना मुळात याच नियमावर उभी आहे, आणि फार सुंदर आहे. लोखंडी पाइप साधारण ४५० अंश सेल्सियसच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. वर जो थर बसतो तो नुसता रंगासारखा पांघरूण घालत नाही. ओरखडा पडून लोखंड उघडं पडलं तरी शेजारचं जस्त स्वतः विरघळत राहतं आणि लोखंडाला वाचवतं. म्हणूनच पत्रे, बादल्या, कुंपणाच्या तारा आणि थंड पाण्याचे नळ यांसाठी हा धातू इतकी वर्षं टिकून आहे.

पण सांध्यापाशी काय होतं पहा. आटे पाडताना डाय, म्हणजे आटे कापायचं हत्यार, जस्त कापून काढते. हा थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून पातळ, आणि अर्धा इंची पाइपचा आटा १.१६ मिलिमीटर खोल, म्हणजे आट्याच्या तळाशी कोरं लोखंड. भिंतीची जाडीही तिथेच सगळ्यात कमी. पाइपांच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस १२३९ प्रमाणे, अर्धा इंची पाइपची जाडी हलक्या वर्गात २ मिलिमीटर, मध्यम वर्गात २.६ आणि जड वर्गात ३.२. यातून आटा वजा करा. हलक्या वर्गात हाताशी उरतं ०.८ मिलिमीटर, जड वर्गात २ च्या वर. हलक्या वर्गाच्या पाइपवर पिवळा पट्टा असतो, मध्यमवर निळा, जडवर लाल. दुकानात निपल सुटा मिळतो, त्यावर पट्टा नसतो, आणि स्वस्तातला निपल बहुतेक हलक्या पाइपमधूनच कापलेला असतो. सगळ्यात पातळ आणि जस्त गमावलेली जागा, आणि नेमकी तीच पितळेला चिकटलेली.

पाणी हे काही तांब्याच्या तारेइतकं वीजवाहक नाही, त्यामुळे ही झीज सांध्यापासून थोड्याच अंतरात एकवटते. पाण्यात क्षार जितके जास्त तितकी ती पसरते आणि वेगही वाढतो.

गरम बाजूच का

याची तीन कारणं एकत्र येतात. उष्णतेने प्रत्येक रासायनिक क्रिया वेगाने होते, हे पहिलं आणि सरळ. दुसरं कमी लोकांना माहीत असतं. काही प्रकारच्या पाण्यात तापमान ६० अंशांच्या आसपास गेलं की जस्तावर असा थर बसतो की त्याची आणि लोखंडाची भूमिका उलटते. ज्याने लोखंडाला वाचवायचं तेच लोखंडाच्या मुळावर येतं. तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अनेक गिझरांमध्ये हीटिंग एलिमेंटचं कवच तांब्याचं असतं, जुन्यांत टाकीही तांब्याची. तिथून तांब्याचे अतिसूक्ष्म अंश पाण्यात उतरतात आणि पुढच्या जीआय पाइपच्या आतल्या जस्तावर जाऊन बसतात. त्या प्रत्येक कणाभोवती एक छोटी जोडी तयार होते आणि खड्डा पडायला लागतो. म्हणूनच जुना नियम आहे की पाणी आधी जीआयमधून आणि मग तांब्यातून जावं, उलट नको. गिझरच्या थंड बाजूला हा नियम आपोआप पाळला जातो, गरम बाजूला आपोआप मोडतो.

त्यात आपलं पाणी. नर्मदेचं पाणी इंदुरात १९७८ पासून येतंय, मंडलेश्वरजवळच्या जलूदहून वर उचलून, पण घराघरांत ते एक दिवसाआड मिळतं. मधली गरज बोरिंग भागवतं. माळव्याच्या काळ्या बेसॉल्टमधून येणारं बोरिंगचं पाणी कठीण, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांनी भरलेलं. पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर ६००. क्लोराइडची २५० आणि १०००. आपल्या बोरिंगच्या पाण्याची एकदा प्रयोगशाळेत तपासणी करून हे दोन आकडे काढून ठेवा. धातूच्या दृष्टीने क्लोराइडचा आकडा जास्त बोलका. कठीण पाण्याचा क्षार निदान पाइपच्या आत थर करून थोडा आडोसा तरी देतो, क्लोराइड मात्र असे थर फोडतं.

आजीच्या काळचा बंब आठवा. अंग तांब्याचं, तोटी पितळेची, आणि लोखंड फक्त खालच्या निखाऱ्यांच्या जाळीला, जिथे पाणी पोहोचत नाही. तांबं का, तर ते उष्णता लोखंडाच्या जवळजवळ पाचपट चांगली वाहून नेतं आणि स्टेनलेस स्टीलच्या वीसपटीहून जास्त. तोटीला पितळ का, तर ते ओतता येतं, कानशीने आणि लेथवर सहज घासलं जातं, आणि तांब्याशेजारी ठेवलं तरी दोघांत फारसं भांडण होत नाही. इंदूरच्या भांड्यांच्या कसेरा बाजारातल्या कारागिरांना व्होल्टचे आकडे ठाऊक नव्हते, पण कोण कोणाशेजारी बसतो हे त्यांना पक्कं माहीत होतं. ते बंब दोन-दोन पिढ्या चालले.

मग बसवायचं काय

सगळ्यात आधी काय करू नये ते सांगतो, कारण हा सल्ला हमखास मिळतो: “लोखंडी निपल काढा, पितळेचा टाका, कटकट संपेल.” निपल गळायचा थांबेल, हे खरं. पण जोडी मोडत नाही, ती फक्त एक पायरी आत सरकते. आता पितळेला टेकणारं लोखंड म्हणजे भिंतीच्या आतला जीआय एल्बो, पाइप वळवणारा कोपरा. आधी झिजत होता तो हाताशी असलेला, स्वस्तातला तुकडा. आता झिजेल तो टाइल्समागचा. स्टेनलेस स्टीलच्या निपलालाही हेच लागू, कारण पाण्यात तेही लोखंडापेक्षा वरच्या पायरीवर असतं.

खरा उपाय म्हणजे दोघांचा स्पर्श तोडणे. जीआय आणि पितळ यांच्या मध्ये सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाइपचा, छोटा तुकडा येऊ द्या. थंड बाजूला पूर्ण प्लॅस्टिकच्या आट्यांचा अॅडॉप्टर चालतो. गरम बाजूला प्लॅस्टिकचे आटे ताणाखाली सैलावतात, म्हणून पितळी आटे बसवलेला अॅडॉप्टर घ्यावा. त्यात पितळ आहेच की, असं कोणी म्हणेल. आहे, पण एवढंसं, आणि पुढच्या कॉकशी त्याचा धातूचा संबंध तुटलेला. पितळ लहान आणि लोखंड मोठं असलं की झीज नगण्य होते. उलट असलं, म्हणजे लोखंडाचा लहान तुकडा आणि पितळेचा मोठा पसारा, तर लोखंड झपाट्याने जातं. या एका प्रमाणावर सांध्याचं आयुष्य ठरतं. प्लंबरला “मध्ये प्लॅस्टिक पाहिजे, धातूला धातू टेकायला नको” एवढं स्पष्ट सांगा. जागा नसेल तर हार्डवेअरच्या बाजारात, आपल्याकडे सियागंजात, डायइलेक्ट्रिक युनियन विचारून बघा. त्यात दोन धातूंच्या मध्ये इन्सुलेटिंग वायसर असतो.

इथे एक धोका आहे आणि तो हलक्यात घेऊ नका. जुन्या घरांत कधीकधी अर्थिंगची तार पाण्याच्या पाइपलाच बांधलेली असते. मध्ये प्लॅस्टिक आलं की ती वाट तुटते आणि गिझर अर्थिंगविना उरतो. काम काढायच्या आधी इलेक्ट्रिशियनकडून गिझरच्या सॉकेटला स्वतंत्र अर्थिंग आहे का ते मोजून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर प्लंबर नंतर, इलेक्ट्रिशियन आधी, आणि तोवर गिझर बंद.

भाड्याचं घर असेल, फार खर्च करायचा नसेल, तर लोखंडी निपलच ठेवा, पण जड वर्गाच्या पाइपमधून कापून घेतलेला, आणि तो झिजणारच हे धरून दर दुसऱ्या वर्षी पावसाळा संपताना बदला. हा कमीपणाचा मार्ग नाही. काय झिजावं हे आपण ठरवणं हेही धातुकामच आहे. गिझरच्या टाकीत मॅग्नेशियमचा दांडा याच कामासाठी घातलेला असतो. मॅग्नेशियम उणे २.३७ व्होल्टवर, म्हणजे लोखंडाच्याही बरंच खाली, म्हणून पोलादी टाकीच्या ऐवजी तो खर्ची पडतो. बोरिंगच्या पाण्यावर तो लवकर संपतो आणि संपल्यावर टाकीचा नंबर लागतो. सर्व्हिसवाल्याला दरवर्षी दांडा बाहेर काढून दाखवायला सांगा. आतली तारच उरली असेल तर बदला. हा स्वस्त दांडा वेळेवर बदलला नाही म्हणून चांगले गिझर भंगारात गेलेले मी पाहिलेत.

निपल ठीक, पण कॉकच चिरला

हा वेगळा रोग आहे. निपल काढला, आटे शाबूत, पण कॉकच्या मानेला केसासारखी भेग. दोन शक्यता.

एक, तो पितळेचा नव्हताच. चकचकीत क्रोमखाली जस्ताची ओतीव मिश्रधातू असते, ४ टक्के अॅल्युमिनियम घातलेली. ती ४०० अंशांच्याही आत वितळते, साच्यात झटकन भरते, बारीक नक्षी उतरते, म्हणून हँडल, खेळणी, कुलपांचे भाग यांसाठी उत्तम. सतत गरम, दाबाचं पाणी धरून ठेवणाऱ्या कॉकसाठी ती चुकीची. ओळखायचं कसं? हातात घेऊन वजन बघा, पितळ घनसेंटिमीटरला साधारण ८.४ ग्रॅम, जस्ताची मिश्रधातू ७ च्या आतबाहेर. मग तोंडातून आत बघा, जिथे मुलामा पोहोचत नाही. पिवळं दिसलं तर पितळ, करडं दिसलं तर परत ठेवून द्या.

दोन, पितळ खरं आहे पण ताणाखाली आहे आणि त्याला अमोनिया लागतोय. पाना जास्त आवळल्यावर पितळ ताणातच राहतं, आणि अशा ताणलेल्या पितळेला अमोनियाची वाफही पुरते. ब्रिटिश फौजेच्या हिंदुस्थानातल्या काडतुसांची पितळी कवचं पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवलेली असताना अशीच चिरायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया त्याला कारण होता, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत सिद्ध झालं. तेव्हा अमोनिया असलेले क्लीनर पितळेवर वापरू नका. संडास साफ करायचं आम्ल तर नळांच्या जवळही नको. त्यातलं हायड्रोक्लोरिक आम्ल क्षार काढतं, पण क्रोमचा थर मायक्रॉनहून पातळ असल्याने छिद्रांतून आत शिरून खालचं निकेल आणि पितळ पोखरतं. पांढरा थर काढायला व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं थोडा वेळ गुंडाळून ठेवा आणि मग भरपूर पाण्याने धुवा, तेवढं पुरतं.

स्टेनलेस स्टीलचा कॉक घेणाऱ्यांसाठी: दुकानदार चुंबक लावून दाखवेल, चिकटला नाही म्हणजे ३०४, म्हणजे चांगल्या प्रतीचं स्टेनलेस, म्हणेल. या परीक्षेवर विसंबू नका. कमी निकेलचं, मँगनीज घातलेलं २०२ सुद्धा चुंबकाला चिकटत नाही. ३०४ मध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, आणि क्लोराइडच्या पाण्यात दोघांतला फरक वर्षा-दोन वर्षांत तपकिरी ठिपक्यांनी दिसतो. बिलावर ३०४ लिहून घ्या.

एवढं सगळं करूनही ओल राहिली, तर बहुधा भिंतीतला एल्बो गेलाय. रात्री सगळे नळ बंद करून गच्चीवरच्या टाकीच्या पाण्याच्या पातळीवर खूण करा, सकाळी बघा. पातळी उतरली असेल आणि भिंतीच्या मागच्या खोलीत रंग फुगला असेल तर शंका घेऊ नका. त्या अवस्थेत एकच एल्बो फोडून बदलण्यात अर्थ नाही, कारण त्याच वयाचा पुढचा एल्बो रांगेत उभा असतो. जुनी गरम पाण्याची जीआय लाइन दोन्ही टोकांना बूच मारून सोडून द्या आणि नवी सीपीव्हीसी लाइन भिंतीवरून, उघडी, क्लॅम्प लावून न्या. दिसायला जरा खटकेल, पण पुढे काही झालं तर टाइल्स फोडाव्या लागणार नाहीत.